पूर्वेच्या भिंतीतल्या विटा

चांदा, ता. ९ जून १९५५

बाबा,

नमस्कार पहिल्याच ओळीत घालते, म्हणजे मागाहून राहून गेला असं व्हायचं नाही. अक्षरं मोठी आणि सुटी काढली आहेत. तुम्ही अक्षर लावून वाचता हे मला माहीत आहे. वेळ लागला तरी स्वतः वाचा. गुरुजींकडे देऊ नका.

तीन वर्षांनी लिहिते आहे, त्याला कारण आहे. कोलूकाका टोपल्या घेऊन इथल्या बाजाराला आले होते. ते सांगत होते की धानाचा रोवणा आटोपला की तुम्ही आपल्या धाकट्या गुणाला तिच्या भावाकडे, पत्रूकडे पाठवणार. त्याच्या बायकोचे, रुखमाचे दिवस भरत आले आहेत, तिच्या हाताशी कोणीतरी हवं, आणि गुणाही तेरा वर्षांची झाली, तिला शहर पाहायला मिळेल. काका म्हणाले, "पत्रूचं पक्कं घर आहे म्हणते ना. तुहा बा साऱ्या गावाले सांगत राह्यते."

गुणाला पाठवू नका.

घर पक्कं आहे हे खरं. विटांचं आहे, वर सिमेंटचे पत्रे आहेत. खाणकामगारांच्या लाइनीतल्या सगळ्या खोल्या तशाच आहेत. त्या पाठीला पाठ लावून बांधल्या आहेत, त्यामुळे मागची भिंत मागच्या माणसाची आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या. उघडी बाजू एकच उरते. तिच्यात दार, आणि दाराच्या वर तुमच्या पागोट्याएवढा झरोका. मी टेपनं मोजलं. तुमच्या हातानं सात हात लांब, सहा हात रुंद. आत पत्रू, रुखमा आणि दसरू नावाचा एक भाडेकरू राहतात. दसरू धानोऱ्याकडचा, खाणीतच कामाला आहे. खाट एक आहे. पत्रूची रातपाळी असते तेव्हा दसरूची दिवसपाळी. एक उठला की दुसरा आडवा होतो. खाट कधी थंड होत नाही. सिगडीही आतच पेटते. आपला बैलांचा गोठा ह्या खोलीच्या दुप्पट आहे.

आपलं घर कुडाचं. आत दिवा लावला की फटींतून बाहेर उजेड दिसतो. त्याची तुम्हाला लाज वाटते, ती तुम्ही कधी बोलून दाखवली नाही तरी मला कळत होती. गुणासाठी तेच घर बरं आहे.

पत्रूची प्रकृती ठीक आहे.

मी दवाखान्यातली नोकरी धरली तेव्हा छपरीत उभं राहून तुम्ही म्हणालात, "लोकाइच्या थुक्यात हात घालणारीनं माह्या चुलीपाशी येऊ नाई." ते मी पाळलं आहे आणि पाळीन. ह्या पत्राचा त्याच्याशी संबंध नाही.

शेवंता

चांदा, ता. ८ जुलै १९५५

बाबा,

पोस्टकार्ड पोचलं. अक्षर गुरुजींचं आहे. तेव्हा माझं पत्र त्यांनी वाचलं असं धरून चालते. हे पत्र पाकिटात घालून डिंकानं चिकटवलं आहे.

तुम्ही लिहवून घेतलंत, तीन माणसं जिथं राहतात तिथं एक पोरगी जड होत नाही, तू आपलं काम पाहा.

माझं काम काय आहे ते तुम्हाला कधी सांगायचं झालं नाही. माणूस सकाळी उठल्यावरचा पहिला बेडका डबीत घेऊन खिडकीशी येतो. मी त्यातला थोडा काचेवर पसरते, ज्योतीवरून फिरवते, लाल रंग घालून तापवते, आम्लानं धुते, मग निळा रंग घालते. मायक्रोस्कोपखाली निळ्या भुईवर लाल काड्या दिसल्या तर त्या माणसाला क्षय आहे. दिवसभर मी हे करते. हातमोजे असतात. हात साबणानं धुते.

ह्या खिडकीशी खेड्यांतूनही माणसं येतात. पण खाणीच्या लाइनीतून आणि परकोटाच्या आतल्या गल्ल्यांतून येतात तशी नाही. एक आला की थोड्या महिन्यांनी त्याच खोलीतला दुसरा येतो, मग भिंतीपलीकडचा. त्याचं कारण उघड आहे. क्षयाचा माणूस खोकला की जंतू हवेत उडतात. बाहेर वाऱ्यावर ते विरतात, उन्हात मरतात. बंद, काळोख्या खोलीत ते तरंगत राहतात आणि जो तिथं श्वास घेतो त्याच्या छातीत जातात. शिवून होत नाही, पत्रावळ उचलून होत नाही, कोणाची नजर लागून होत नाही.

त्या खोलीतल्या एका माणसाला क्षय आहे. मी काच स्वतः पाहिली आहे. नाव लिहीत नाही, कारण मी तसा शब्द दिला आहे.

गुणाला पाठवू नका.

शेवंता

चांदा, ता. २ सप्टेंबर १९५५

बाबा,

क्षयाची लस टोचणाऱ्या पथकाबरोबर मला सिरोंचाकडे पाठवलं होतं. पावसानं रस्ते बंद झाले आणि आम्ही तिकडेच अडकलो. काल परत आले. दुपारीच पत्रूकडे गेले तर दारात गुणा उभी.

तुम्ही काय केलंत ते तिनं सांगितलं. माझं पत्र तुम्ही ह्या वेळी स्वतः वाचलंत. एका माणसाला क्षय आहे म्हटल्यावर तो परका दसरूच असणार असं तुम्ही धरलंत. कोलूकाकांना पाठवून पत्रूला निरोप दिलात की त्या माणसाला आजच्या आज काढ. पत्रूनं काढलं. मग जागा मोकळी झाली, रोगही गेला, म्हणून तुम्ही गुणाला गाडीत बसवलंत.

दसरूच्या बेडक्यात काही नव्हतं. क्षय पत्रूला आहे.

चैत्रात तो माझ्या खिडकीशी आला होता. बाकीच्या लोकांच्या मागे उभा राहिला, नंबर आल्यावर डबी पुढे केली आणि म्हणाला, "मले ओळखत नसल्यासारखं कर बाई. फक्त पाहून सांग." मी पाहून सांगितलं. तो बराच वेळ माझ्या टेबलावरच्या बाटल्या पाहत राहिला. मग म्हणाला, "बाले सांगू नको. त्याले वाटते मी बंगल्यात राह्यतो. वाटू दे. त्याचं का जाते?" तो गोळ्या नेत होता. काम सोडलं तर खोली जाते, म्हणून काम सोडलं नव्हतं. मी मागच्या पत्रात एक नाव गाळलं. ते गाळल्यामुळे गुणा त्या खोलीत पोचली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तुम्ही एकट्यानं सगळा दोष घ्यावा असं नाही.

काल गेले तेव्हा खोलीत काळोख होता. दार लोटलेलं, झरोक्यात पोतं कोंबलेलं. पत्रूची रातपाळी असल्यामुळे तो झोपला होता. गुणा मला आत घेऊन गेली आणि रुखमाचं बाळ मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली. बाळाला थोपटता थोपटता ती कुजबुजली, "हळू बोल ना बाई. भाऊ झोपून राह्यला."

मी पोतं काढलं. रुखमा सिगडीपाशी होती. तिनं ते पुन्हा माझ्या हातातून घेतलं. म्हणाली, "तुमी आल्या का पयले झरोका पायता, मंग माणसं पायता. उजेड आला तं त्याले झोप येत नाई. झोप नाई झाली तं खाली खाणीत हात थरथर कापते त्याचा. खाली हात कापला का मानूस वर येत नाई, बाई."

तिचं खोटं नाही. रातपाळीचा माणूस घरात असला की घरच्यांना दिवसाची रात्र करावी लागते. दुपारी त्या लाइनीतून चालत गेलं तर सगळी दारं लावलेली, सगळ्या झरोक्यांत पोती आणि आतून खोकल्याचे आवाज. बायका आणि लेकरं झोपणाऱ्याच्या उशाशी काळोखात गप्प बसतात. तेवढ्या वेळात लेकरं आवाज करत नाहीत म्हणून त्यांना शहाणी म्हणतात. रुखमा म्हणाली, "तुमची गुणा लय शहाणी आहे. दिवसभर हूं की चूं नाई." गुणा हसली.

गुणाला मी रात्रीच माझ्याकडे आणलं. जटपुरा दरवाजाजवळ एका वरच्या मजल्यावर मी राहते. दोन खिडक्या आहेत. बाळाला आज लस टोचली.

दसरू आज सकाळी खिडकीशी आला होता. त्याला कोणी जागा देत नाही. म्हणाला, "बाई, मले नाई ना टीबी? एक चिठ्ठी लिहून द्या. ज्याले वाचता येते त्याले दाखवीन." मी लिहून दिली. लाइनीत वाचणारे फार नाहीत. तो धानोऱ्याला परत जातो म्हणाला. पत्रूला सांगा म्हणाला, माझं कांबळं खाटेखाली राहिलं आहे, ते त्यालाच राहू दे, पुढं थंडी आहे.

शेवंता

चांदा, ता. १४ नोव्हेंबर १९५५

बाबा,

तुमचं पत्र आलं नाही. कोलूकाका आले.

पत्रूला रक्त पडलं. खाणीच्या डॉक्टरांनी कामावरून कमी केलं आणि खोली महिनाअखेर खाली करायला सांगितली. नागपूरच्या क्षयाच्या दवाखान्यात खाट मागितली आहे. यादी लांब आहे, आमचे डॉक्टर म्हणाले की वाट पाहण्यात अर्थ नाही, सुया आणि गोळ्या घरीही देता येतात. रुखमा बाळाला घेऊन माहेरी जाते आहे. पत्रू घरी येईल. गुणाही येईल. मी तिला ठेवून घेतलं असतं, पण तिला राहायचं नाही. म्हणते, धान कापायला आलं, बाची भाकर कोण करते?

गुणाचं सांगते. तिच्या हाताला आम्ही एक सुई टोचून पाहतो. छातीत जंतू गेले असतील तर तिथं गाठ येते. तिला मोठी गाठ आली. जंतू तिच्यात आहेत. ती आजारी नाही. बहुतेक माणसं अशीच राहतात, जन्मभर काही होत नाही. काही जणांना होतं. कोणाला होईल हे मला सांगता येत नाही, डॉक्टरांनाही येत नाही. ती खोकायला लागली, संध्याकाळी अंग तापायला लागलं, तर मला कळवायचं. लग्न कसं होईल ह्याचा विचार करून लपवायचं नाही.

आता तुमच्या खोलीविषयी. कोलूकाका म्हणाले, "तुह्या बानं ब्रह्मपुरीहून इटा आणल्या. सांदवाडीत खोली बांधून राह्यला पत्रूसाठी. मी म्हटलं, दादाजी, खिडकी काऊन नाई ठेवली? तं म्हणते, चांद्यात पोट्ट्याले हवा लागूनच तं झालं, आता आणखी हवा कायले?" काका हसत होते. मला ते हसण्यासारखं वाटलं नाही. तुम्ही रोवण्यानंतर दिवसभर शेतात राबून वरून विटा रचल्यात, हे मला त्यातून कळलं.

पण बाबा, ती खोली म्हणजे लाइनीतलीच खोली आहे. तुम्ही ती इथून उचलून घरामागच्या सांदवाडीत नेऊन ठेवली. पत्रूला तिच्यात ठेवू नका. हवा लागून हा रोग होत नाही. हवा न लागल्यानं होतो. एवढी एकच गोष्ट मी पाच वर्षांत शिकले असं समजा.

पत्रूला जागलीच्या मचाणावर ठेवा. आपल्या धानाच्या मोठ्या बांधीच्या धुऱ्यावर डुकरांसाठी जागल करायला तुम्ही दरसाल मचाण बांधता, तेच. धान कापून झाल्यावर ते मोडता, ह्या साली मोडू नका. वरचं छप्पर तनसाचं असू द्या, चारी बाजू उघड्या. खाली धानाचं तनस जाड पसरा. थंडी वाजेल. पांघरूण जास्त द्या, बाजू झाकू नका. दसरूचं कांबळं त्याच्या सामानात आहे. नागपूरच्या दवाखान्यात लांब व्हरांड्यात खाटा टाकतात आणि त्याला इलाज म्हणतात. तो व्हरांडा आपल्याकडे बांबूचा आहे.

थुंकायला राख घातलेलं मडकं द्या. त्यातलं तुम्ही जाळायचं, गुणानं नाही. जेवण गुणानं मचाणाच्या पायथ्याशी ठेवायचं आणि मागे व्हायचं. वर चढायचं नाही. गोळ्या सोबत देते आहे. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यातले कंपाउंडर आठवड्यातून दोनदा सुई द्यायला तयार आहेत, मी त्यांना लिहिलं आहे.

पत्रूला घ्यायला कोलूकाका येतील असा निरोप तुम्ही पाठवलात. ठीक आहे.

शेवंता

चांदा, ता. २० फेब्रुवारी १९५६

बाबा,

मी येऊन गेले हे तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तिथं बोलणं झालं नाही.

गोळ्या संपत आल्या होत्या आणि टपालानं पाठवणं बरं वाटलं नाही, म्हणून आले. आधी शेतावर गेले. धान निघालेलं, बांध्या उघड्या पडलेल्या आणि धुऱ्यावर एकट्या मचाणावर पत्रू पाय सोडून बसलेला. त्याच्या गालांवर मांस आलं आहे. मी नमुना घेतला. मचाणाखाली शेकोटीची राख होती आणि तुमची वाकळ गुंडाळून ठेवली होती.

मी विचारलं, खाली कोण झोपतं? पत्रू म्हणाला, "बा. रोज शेकोटी करते अन् तिथीच पडते. म्हणते, डुकरं येते. धान तं कवाच घरात गेलं, बाई. डुकराले आता इथी का भेटते? माहा खोकला?" आणि तो हसला. हसताना खोकला आला नाही. ते मी लक्षात ठेवलं.

मग घरी आले. तुम्ही अंगणात दोर वळत होतात. मी छपरीच्या कडेला बसले, चुलीपासून लांब. गुणानं पाणी आणून दिलं. ती उंच झाली आहे. खोकत नव्हती, मी कान देऊन होते. तुम्ही दोर वळता वळता विचारलंत, "पाणी भेटलं का?" मी हो म्हटलं. नंतर मी गाडीसाठी निघाले.

विटांची खोली मी पाहिली. तिला कुलूप होतं. गुणा म्हणाली, तुम्ही तिच्यात धानाची पोतीसुद्धा ठेवली नाहीत, कोणी विचारलं तर गिलावा राहिला आहे सांगता. भिंती ओळंब्यात आहेत. काम चांगलं झालं आहे. हे मला तिथं सांगायचं होतं.

पत्रूचा नमुना पाहिला. लाल काड्या दिसल्या नाहीत. एकदा न दिसण्यावर भरवसा ठेवत नाहीत. गोळ्या बंद करायच्या नाहीत. मचाण मोडायचं नाही.

शेवंता

चांदा, ता. २३ ऑगस्ट १९५६

बाबा,

परवा तुम्ही खिडकीशी आलात.

मी मान खाली घालून लेबलं लिहीत होते. माणसं डबी पुढे सरकवतात, मी नाव विचारते, ते सांगतात. चेहरा पाहायचं राहतं. तंबाखूची पितळी डबी पुढे आली तेव्हा मी ती ओळखली. झाकणाच्या कडेला पोचा आहे, तो माझ्यामुळे पडला होता, मी लहान असताना. तेव्हा वर पाहिलं. तुमच्या धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल होता. गाडी उशिरा आली होती आणि तुम्ही स्टेशनापासून विचारत विचारत आला होतात.

तुम्ही येणार हे मला ठाऊक नव्हतं. पत्रूचा महिन्याचा नमुना असेल असं धरून मी लेबलावर त्याचं नाव लिहायला घेतलं. तुम्ही म्हणालात, "पत्रूचा नोहे. गुणाचा आहे."

मी नाव खोडलं आणि नवीन लेबल घेतलं. गुणा दादाजी नाकाडे. वय चौदा. मागे रांग होती. मी विचारलं, किती दिवस झाले, तुम्ही म्हणालात, आखाडीपासून खोकून राह्यली, रात्री अंगात ताप भरते. मग खिडकीच्या लाकडावर हात ठेवून म्हणालात, "तुनं सांगितलं होतं लपवू नाई म्हणून. म्हणून आणलं. राखेनं घासली डबी, उकळली, मंगच घेतलं. मीच घेतलं, दुसऱ्या कोणाले हात नाई लावू देल्ला."

मी म्हटलं, बाजूला बसा. तुम्ही बसला नाहीत. दाराशी उभे राहिलात. कोलूकाका घ्यायला येतील, पावसात गाडी चुकायला नको, असं कारण सांगून मी तुम्हाला निकाल लागेपर्यंत थांबवलं नाही. ते खरं नव्हतं. काच रंगवायला फार वेळ लागत नाही. तुमच्यासमोर ती पाहायची नव्हती.

डबीच्या कडेला थोडा चुना राहिला होता. नमुना बिघडला नाही.

गुणाच्या नमुन्यात लाल काड्या आहेत. दुसरी काच रंगवली. तिच्यातही आहेत. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनीही मी आधी लिहिलेलंच लिहिलं.

आता करायचं ते लिहिते. पाऊस आहे म्हणून मचाण नको. गुणाची खाट छपरीत घाला. छपरी तीन बाजूंनी उघडी आहे. झड आली तर तट्टा लावा, झड गेली की काढा. पत्रू पाच वेळा निकोप निघाला, तो आता घरात झोपला तरी चालेल, पण गुणाच्या जवळ त्यानं झोपू नये. मडकं, राख, सगळं पूर्वीसारखं. ह्या वेळी पत्रू त्यातलं जाळेल, त्याला माहीत आहे.

गुणाला सुरुवातीला रोज सुई द्यावी लागेल. कंपाउंडर रोज येणार नाहीत, पुरात तर मुळीच नाहीत. गावात सुई देणारं कोणी नाही. मला देता येते. मी रजा मागितली आणि ती मंजूर झाली. औषधं डॉक्टरांनी काढून दिली आहेत. शनिवारच्या छोट्या गाडीनं निघते. हे विचारत नाही, कळवते आहे. तुमचं 'नाही' आलं तरी मी येईन आणि गावात दुसरीकडे उतरेन.

तसं 'नाही' आलं नाही, तर मी विटांच्या खोलीत राहीन. गिलावा नसला तरी चालेल. मात्र ती आहे तशी चालणार नाही. पूर्वेच्या भिंतीतल्या विटा काढून ठेवा. कमरेच्या उंचीपासून वर, दोन हात रुंद. समोरच्या भिंतीत, तेवढ्याच उंचीवर, रुंदी थोडी कमी चालेल. चौकट नको, गज नकोत. विटा फोडू नका, चुना अजून कच्चा असेल तर पहारीनं हलकेच सुटतील. पावसाळ्यातला चुना लवकर पक्का होत नाही.

गुणा पडून असेल तेव्हा चूल कोण पेटवेल, हे तुम्ही ठरवा. पत्रूनं मचाणावर असताना मला सांगितलं होतं की तुमची भाकर करपते.

डबी माझ्याकडे आहे. नमुन्याच्या डब्या आम्ही परत देत नाही, आगीत घालून पुरतो. ही मी पुरली नाही. दोनदा उकळून कपाटात ठेवली आहे. येताना आणते.

शेवंता